जू मागं होतं

काटीच्या मानेवरचा घाव सुपारीएवढाच होता, पण जू बसतं नेमका तिथंच होता. आठवड्यापूर्वी शेतात फळी फिरवताना जुवाची कड घासली आणि सालटं निघालं ते निघालंच. चेन्नक्कानं हळद भरली, खोबरेल लावलं, कडुनिंबाचा पाला वाटून थापला. रेडा मान झटकायचा आणि सगळं औषध गोठ्याच्या भिंतीवर उडवायचा. कंबळाच्या, म्हणजे चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीच्या, दिवशी सकाळी काटी आणि चिन्ना दोघांना घासून आंघोळ घातली, तेलानं चकचकीत केलं, तरी तो लाल डाग लपेना.

"अम्मा, जू पुढं घे," सेसप्पा म्हणाला. तिचा हा एकुलता मुलगा, आणि रेड्यांमागं धावणाराही तोच. कमरेला लाल पंचा आवळत तो दारात उभा होता.

"पुढं घेतलं की घावावर येतंय."

"येऊ दे की. अर्ध्या मिनिटाचं तर काम आहे."

"मग तुझ्या मानेवर बांधते. अर्ध्या मिनिटाचंच काम आहे."

चेन्नक्कानं जुन्या लुगड्याची घडी तेलात बुडवून घावावर ठेवली आणि जू टीचभर मागं, खांद्याच्या उंचवट्याला टेकवून बांधलं. गाठ आपल्या हातानं दोनदा ओढून पाहिली. काटीनं एकदा फुसकारा सोडला, मग मान खाली घालून उभा राहिला. त्याला बरं वाटलं एवढं तिला कळलं, आणि तिलाही बरं वाटलं.

हे त्याचं शेवटचं कंबळ होतं. काटी आता थकला होता, धावून आला की त्याच्या फासळ्या बराच वेळ वरखाली होत राहायच्या. तिच्या नवऱ्यानं, कोरगप्पानं, त्याला पारडू असताना खांद्यावर टाकून ओढा पार करून आणला होता. पुढं कोरगप्पा ताडाच्या झाडावरून पडून गेला, आणि त्यानंतर या घरात पुरुषासारखं घुमणारं एकच कोणी राहिलं, ते म्हणजे हा रेडा. गावच्या कंबळात शेवटची शर्यत जो जिंकेल, त्याच्या घरानं त्याच शेताच्या मधोमध फुलांचा खांब रोवायचा अशी रीत होती. त्यानंतर शेतात लावणी होई, आणि पीक निघेपर्यंत तो खांब त्या घराच्या नावानं उभा राही. कोरगप्पा ताडी उतरवून आला की रोज सांगायचा, एकदा तरी हा खांब आपण रोवणार. बायकोनं मान डोलवावी, त्यानं काटीच्या तोंडात गुळाचा खडा द्यावा, असं कित्येक वर्षं चाललं होतं. खांब मात्र दुसऱ्यांच्याच नावाचे उभे राहिले.

"आज एवढं धाव," ती काटीच्या कानाशी म्हणाली. "पुन्हा तुझ्या मानेवर जू चढवणार नाही. शप्पथ."

चिन्नानं मधेच शेपूट मारली आणि तिच्या तोंडावर शेणाचा शिंतोडा उडाला. सेसप्पा हसला. तीही हसली. घरातून निघताना दोघं अशी हसतच निघाली होती.

दुपार उतरायला लागली तेव्हा गुत्तूच्या मोठ्या शेतात शेवटची शर्यत लागली. गुत्तूचं घर म्हणजे गावातलं थोरलं घर, शेतही त्यांचंच. तिथले तरुण धनी पद्मराज कौलारू मंडपात खुर्ची टाकून बसले होते. एका वाटेवर काटी आणि चिन्ना, दुसऱ्या वाटेवर दूमण्णा शेट्टीची जोडी. शेवटच्या टोकाला, दोन बांबूंमध्ये आंब्याच्या पानांची दोरी होती आणि तिच्या बाजूच्या उंचवट्यावर अंतप्पण्णा उभा होता. डोक्यावर पोफळीच्या सालीची टोपी, हातात पांढरं फडकं. निकाल देण्याचं काम त्याचं. त्याच्या आधी त्याच्या मामाचं होतं. ज्याचं जू आधी दोरीखालून जाईल तो जिंकला. नाक नाही, जू. नाकानं कोणी शेत ओढत नाही, असं म्हातारे म्हणत.

आरोळी उठली. चिखलाचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं आणि त्यातून रेड्यांची डोकी पुढं येताना दिसली. चेन्नक्का बांधावर बायकांच्या घोळक्यात होती. तिला सेसप्पा दिसला नाही, चिन्ना दिसला नाही. तिला फक्त काटीचं काळं, ओलं नाक दिसलं, आणि ते दूमण्णाच्या रेड्याच्या नाकापुढं होतं. चार बोटं का होईना, पण पुढं. तिनं डोळ्यांनी पाहिलं.

अंतप्पण्णानं फडकं उचललं आणि दूमण्णाच्या बाजूला केलं.

पाणी खाली बसलं. सेसप्पा दोरीच्या पलीकडं चिखलात गुडघ्यांवर होता, तोंडात गेलेला चिखल थुंकत होता. "कोण?" त्यानं मान वर करून विचारलं. मग ढोल दूमण्णाच्या दिशेनं वाजायला लागले आणि त्याला कळलं. दूमण्णा पोट सावरत शेतात उतरला, त्याच्या भाऊबंदांनी झेंडूच्या माळा गुंडाळलेला खांब आणला, आणि सगळ्यांनी मिळून तो चिखलात उभा केला. चेन्नक्का काटीच्या तोंडाला धरून होती. काटीच्या फासळ्या भात्यासारख्या हलत होत्या आणि तो मान लांब करून गुळाच्या खड्याची वाट पाहत होता. ती खडा आणायला विसरली नव्हती. पण तिला तो द्यावासा वाटेना, आणि न द्यावासाही वाटेना. शेवटी दिला.

तिसऱ्या दिवशी मोनूच्या हॉटेलात आग लागली. खरी आग नव्हे. मोनूनं त्या दिवशी बांधावर चहा विकता विकता आपल्या फोनवर शर्यत टिपली होती, आणि ती आता बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तो थांबवून थांबवून दाखवत होता.

"इथं बघा. हे नाक कुणाचं?"

"काटीचं."

"पुढं कोण?"

"काटी. लख्ख दिसतंय."

"मग?"

जू दिसत नव्हतं. पाण्याचा पडदा मानेपासून मागं सगळं झाकून टाकत होता. पण नाक पुढं म्हणजे जूही पुढं, यात विचारायचं काय? मान काही रबराची नसते. सेसप्पा सायकल तशीच टाकून घरी धावत आला आणि विड्या वळत बसलेल्या आईचं सूप त्याच्या पायानं उधळलं.

"अम्मा, आपण जिंकलोय!"

चेन्नक्कानं तंबाखू गोळा केला, पानं गोळा केली, मग हात पुसले. "मी काय सांगत होते तुला? तीन दिवस काय सांगत होते?"

त्या दिवसापासून ती एका जागी बसेना. विडी वळायला घेतली की पान फाटायचं. पेज चुलीवर ठेवली की करपायची. ती उठून गोठ्यात जायची, काटीकडं पाहायची, परत यायची. शेवटी पदर खोचला आणि गुत्तूच्या घरी गेली.

पद्मराज धनी ओसरीवर होते. शहरात शिकून आलेला माणूस, बोलायला गोड. त्यांनी फोन तीनदा पाहिला.

"अक्का, चूक झालेली दिसतेय."

"दिसतेय काय, धनी? झाली आहे."

"पण खांब रोवलाय."

"खांब रोवला म्हणून खोटं खरं होतं का?"

शेजारी बसलेला गुत्तूचा म्हातारा कारभारी खाकरला. "खांब रोवला की खेळ संपला, चेन्नक्का. आपल्याकडं अशीच रीत. आज तू फोन आणलास. उद्या कुणी दहा वर्षांमागचा आणेल. मग आम्ही भात लावायचं का खांबच उपटत बसायचं?"

"दहा वर्षांमागचा काटी मला नको. आत्ता आहे त्याचा खांब द्या. पुढल्या साली तो असेल नसेल."

"माणूस चुकतो, फोन चुकत नाही," धनी म्हणाले. "दर महिन्याच्या संक्रांतीला शेताच्या राखणदार दैवाला फुलं वाहायला सगळे शेतावर जमतातच. तेव्हा ठरवू."

या महिन्याच्या संक्रांतीला अजून अवकाश होता. तेवढ्यात गुत्तूच्या मोठ्या शेतात लावणी लागली, आणि ज्या बायका रोज एकमेकींच्या ओच्यातल्या सुपाऱ्या खायच्या त्यांचे दोन गट झाले. दूमण्णाच्या नात्यातल्या बायका खांबाच्या पलीकडं वाकल्या, बाकीच्या अलीकडं. कंबर वाकवून, पिंडरीभर चिखलात, उन्हाला पाठ देऊन रोपं खुपसता खुपसता टोमणे चालायचे.

"नीट लावा गं, ओळ वाकडी झाली तर फोनवर दिसेल."

"दिसू दे. ज्यांना डोळे नाहीत त्यांना फोनच लागतो."

हा दुसरा टोमणा चेन्नक्काचा होता. बायका खदखदून हसल्या, कारण रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन त्याच वेळी बांधावरून अंतप्पण्णा येत होता. तो हसला नाही, थांबलाही नाही. जुड्या एकेक करून पाण्यात टाकल्या आणि परत गेला.

त्याचे हाल वाईट चालले होते. मोनूच्या हॉटेलात कोणीतरी त्याच्यापुढं बोटं नाचवायचं, "अंतप्पण्णा, किती?" म्हणून. दुसरा कोणी रिकामा पेला पुढं सरकवायचा, "चहा आहे बरं का यात, सांभाळून." म्हाताऱ्यानं हॉटेलात जाणं सोडलं. मग पोरंटोरं वाटेत एक डोळा झाकून चालू लागली. दूमण्णा बिचारा तर उगाच मधे अडकला होता. जिंकून त्याला झोप नव्हती. एकदा तो चेन्नक्काला पाणवठ्यावर गाठून म्हणाला, "अक्का, मी काय तुझा खांब चोरला का? त्यानं फडकं केलं, मी उतरलो. तुला हवा तर ने उपटून."

"मी कशाला उपटू? ज्यानं चुकीचा दिला त्यानं आपल्या तोंडानं सांगावं."

तिला नेमकं तेच हवं होतं. नुसता खांब नको. अंतप्पण्णानं उंचवट्यावर उभं राहून सांगावं की काटी जिंकला. मग कोरगप्पाचं बोलणं खरं झालं असतं. ते ती कुणाला बोलली नाही, पण विड्या वळताना, पेज ढवळताना तिच्या डोक्यात तेच फिरत असायचं.

एक दिवस बायका जेवायला सावलीत गेल्या तेव्हा ती मुद्दाम मागं राहिली. अंतप्पण्णा फुटलेल्या बांधाला चिखल थापत होता. फावडं बाजूला पडलेलं, तो हातानंच थापत होता. पाठीचा कणा उन्हात मण्यांसारखा दिसत होता.

"अंतप्पण्णा."

"बोल."

"चूक कबूल करायला एवढं जड का जातंय? माणूस आहेस. चुकलास म्हण, संपलं."

त्यानं चिखलाचा गोळा हातात घेतला तो तसाच धरला. "म्हणेन. धन्यांना तसं सांगितलंय मी. संक्रांतीला सगळ्यांपुढं म्हणेन, आणि ती टोपी त्यांच्यापुढं ठेवेन. आता दुसरं कोणी उभं राहू दे."

हे ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं तो होतो का म्हणून थोडा वेळ वाट पाहिली.

"तुला खरंच काय दिसलं होतं?" तिनं विचारलं.

"जू. दुसरं मी बघतच नाही. मामानं शिकवलं, रेड्याकडं बघू नको, माणसाकडं बघू नको, लाकडाकडं बघ. तुझं लाकूड मागं होतं, चेन्नक्का. एवढं मागं." त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली, मग थोडी आखडून टीच केली. "पण फोनात नाक पुढं आहे. मीही पाहिलं. नाक पुढं आणि जू मागं, असं कसं होईल? नाही होणार. म्हणजे माझेच डोळे गेले. आधी मला वाटलं नव्हतं. आता रोज सकाळी उठून दूरचे माड मोजून बघतो. कधी बरोबर येतात, कधी नाही."

तो पुन्हा बांध थापायला लागला. चेन्नक्का सावलीत गेली, पेजेचा डबा उघडला, सुक्या मासळीची चटणी तोंडात घातली. ती टीच तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पण अजून तिला काही कळलं नव्हतं. उगाच बेचैन वाटत होतं, दाढेत काहीतरी अडकल्यासारखं.

संध्याकाळी ती काटीला तेल लावायला बसली. नेहमीसारखी मानेवरून हात फिरवत गेली, आणि घावाची जागा हाताला लागेना. तिनं दिव्याजवळ ओढून पाहिलं. घाव भरला होता. नवं कातडं आलं होतं, त्यावर बारीक लव उगवली होती. मागं, खांद्याच्या उंचवट्यापाशी मात्र केस थोडे घासलेले होते. ती बोटं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेऊ लागली. जू जिथं बसायचं तिथून, तिनं त्या दिवशी जिथं बांधलं तिथपर्यंत.

टीच.

तिच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. काटीनं वाकून तेल चाटलं, त्याला ते आवडलं नाही, नाक फेंदारलं.

"अरे देवा," चेन्नक्का म्हणाली. "अरे देवा, मीच की."

सेसप्पा पाय धुऊन आत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिनं त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा पाहून तिला कळलं की त्याला हे नवीन नाही.

"तुला माहीत होतं?"

"फोन पाहिला त्या दिवशी नाही. दोनेक दिवसांनी आठवलं." तो खाली बसला. "मीच नाही का म्हणालो होतो, पुढं घे म्हणून?"

"आणि गप्प राहिलास?"

"मग काय करू? अम्मा, काटी जास्तच धावला होता त्यांच्यापेक्षा. नाक पुढं होतं म्हणजे रेडा पुढं होता. तू लाकूड मागं बांधलंस यात त्याची काय चूक? त्याची चूक नसताना तो हरला, हे कुठलं खरं? आता होतंय ते होऊ दे. अंतप्पण्णा स्वतः म्हणतोय चुकलो. तू मधे बोलू नको."

"तो माड मोजतो रे, रोज सकाळी."

"मोजू दे की!" सेसप्पा ओरडला. त्याचा आवाज फाटला. "बाबा काय काय म्हणायचे ते तुला आठवत नाही का? मी कशासाठी चिखल खाल्ला? हात बघ माझे." त्यानं तळवे पुढं केले. दोरीचे वळ अजून होते. "तू नुसतं गप्प बसायचंय. एवढं जमत नाही तुला?"

मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. काटी पुढं होता. आणि जू मागं होतं. तिनं ते दोन्ही मनात कितीदा इकडून तिकडं केलं, पण एकातून दुसरं काही निघेना. त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले तिचं तिलाच ठाऊक. रोपं लावताना ती हसली नाही आणि कुणी टोमणा मारला तर परत मारला नाही. बायकांना वाटलं, जिंकायच्या आधीच माजली.

संक्रांतीला उन्हं वर आल्यावर सगळा गाव मोठ्या शेताच्या बांधावर जमला. दैवाच्या दगडावर फुलं पडली, नारळ फुटला. शेत आता हिरवं झालं होतं. रोपांनी मुळं धरली होती, पाण्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या. मधोमध खांब उभा होता. माळा सुकून तपकिरी पडल्या होत्या.

धनी बोलले. थोडक्यात बोलले, पण गोड बोलले. चूक झाली तर ती सुधारण्यात कमीपणा नाही. वेळ गेली म्हणून अन्याय शिळा होत नाही. दूमण्णाची हरकत नाही. आज तो खांब काढून चेन्नक्काच्या घरानं नवा रोवावा. चार गडी कडेकडेनं जातील, रोपं फार तुडवली जाणार नाहीत. नवा खांब आणलेलाच होता, त्याच्या झेंडूचा वास येत होता.

मग अंतप्पण्णा पुढं आला. त्यानं टोपी काढली. डोकं टकलू होतं, कपाळाच्या वर ऊन न लागलेला पांढरा पट्टा. सगळ्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं असेल. "मी त्या दिवशी..." तो म्हणाला आणि थांबला.

"थांब," चेन्नक्का म्हणाली.

सेसप्पानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवला नाही, त्याच्यासकट पुढं गेली.

"निकाल फिरवू नका. जू मागं होतं. मीच मागं बांधलं होतं."

क्षणभर कोणाला कळेना. मग एकदम गलका झाला. मोनू म्हणाला, "अक्का, फोनात लख्ख आहे." कोणीतरी मागून ओरडलं, "दूमण्णानं काय दिलं गं?" दूमण्णा त्याच्या अंगावर धावला. धनी हात वर करून शांत करत होते. "अक्का, तुला अंतप्पण्णाची दया आली, हे समजतं मला. मोठं मन आहे तुझं. पण खरं ते..."

"मोठं मन?" चेन्नक्का भडकली. "माझं मन एवढंसं आहे, धनी. मला तो खांब हवाय. झोपेत हवाय, जागेपणी हवाय. दया-बिया काही आली नाही मला. काटीच्या मानेवर घाव होता म्हणून मी जू मागं घेतलं, एवढंच सांगतेय."

"कुठाय घाव?"

घाव नव्हता. तिला ते ठाऊक होतं. ती वळली आणि घराकडं चालू लागली. लोक थांबले, जावं का थांबावं कुणाला कळेना. सेसप्पा खाली मान घालून उभा होता.

ती परत आली तेव्हा काटी आणि चिन्ना तिच्यामागं होते आणि जू तिच्या खांद्यावर होतं. लाकूड जड, त्यानं तिचा एक खांदा खाली गेला होता. बांधापाशी आल्यावर तिनं ते खाली ठेवलं आणि हाक मारली, "सेसप्पा, चिन्नाला धर." तो हलला नाही. मग अंतप्पण्णाच पुढं झाला, टोपी काखेत मारली आणि चिन्नाला धरलं.

तिनं जू उचललं. काटीच्या मानेवर ठेवण्याआधी तिचा हात थबकला. शप्पथ घेतलेली होती. तरी ठेवलं. त्या दिवशीसारखंच टीचभर मागं, खांद्याच्या उंचवट्याला टेकवून, तीच गाठ, दोनदा ओढून.

आणि काटी बदलला. त्याला कोण सांगणार की आज शर्यत नाही? मानेवर लाकूड होतं, समोर पाण्यानं भरलेलं शेत होतं, बांधावर माणसांची गर्दी होती. त्याचे कान उभे राहिले. पुढचा खूर बांधावर घासू लागला. आणि मग, दोरी जवळ आल्यावर तो नेहमी करायचा तसंच, त्यानं मान पुढं लांब केली. थकलेली, लांब, काळी मान. नाक सगळ्यांत पुढं.

"आता बघा," चेन्नक्का म्हणाली. "नाक कुठं आणि लाकूड कुठं. मोनू, काढ तुझा फोन."

मोनूनं फोन काढला नाही. म्हातारे वाकून पाहत होते. दूमण्णानं आपला हात काटीच्या कानामागून जुवापर्यंत धरून पाहिला आणि खाली सोडला. कारभारी म्हणाला, "होय की." एवढंच म्हणाला. धन्यांनी नव्या खांबाकडं पाहिलं, मग शेताकडं, आणि गड्यांना तो नेऊन ठेवायला खुणावलं.

अंतप्पण्णाच्या काखेतली टोपी खाली पडली होती. सेसप्पानं ती उचलली, चिखल झटकला आणि म्हाताऱ्याला न पाहताच त्याच्या हातात दिली. मग तो आईकडं आला.

"झालं समाधान?" तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "बाबांनी त्याला खांद्यावरून आणला, आणि तू त्याला दोनदा हरवलंस."

"हो," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. पुन्हा चढवणार नाही म्हणालेलं जू तिनं त्याच्या मानेवर शेवटचं चढवलं, ते तो हरला होता हे दाखवायला.

तिनं गाठ सोडली. लाकूड उतरवलं. लोक पांगू लागले, बायका पदर खोचून शेताकडं वळल्या, कोणीतरी पाणी मागितलं. चिन्ना लगेच बाजूला होऊन गवताला लागला. काटी मात्र तसाच उभा राहिला, मान लांब करून, शेताकडं तोंड करून. त्याच्या फासळ्या जोरात हलत होत्या. तिनं त्याला ओढलं, पण तो जागचा हलेना. कोणी आरोळी ठोकील म्हणून वाट पाहत होता.

"चल," ती म्हणाली. "चल बाबा, झालं."

तिनं ओच्यात हात घातला. गुळाचा खडा होता. आज तो तिनं का घेतला होता ते तिला सांगता आलं नसतं. काटीनं तो चघळला, तिचा तळवा चाटला, आणि मग तिच्यामागून घराकडं चालू लागला.